माठ ठेवला, गवत काढलं

२ जून
सकाळी पॉलिहाऊसमध्ये. ट्रे कोरडे वाटले, झारीनं पाणी दिलं. शैलाचं बी पेरून आठवडा होऊन गेला, माती अजून मख्ख. आयुष्यभर ओझरला विमानांचे सांधे जुळवले आणि रिटायर होऊन गवताची वाट बघत बसलोय. शै. असती तर म्हणाली असती, "हे गवत आहे, तुमचा नटबोल्ट नाही. पिळून वर येत नाही."
मग बाहेर येऊन उगाच नळाशी भांडलो.

५ जून
मुक्ताचा फोन, पुण्याहून. "पप्पा, आलं का आईचं गवत?" नाही म्हटलं. 
हे बी शै.नं दिवाळीनंतर पेठकडच्या देवराईतून आणलेलं. मोठ्या झाडांखाली, सावलीत वाढणारं बुटकं गवत, रुंद पातीचं. रस्ता रुंद होणार, तो तुकडा जाणार असं कळलं आणि आमची मास्तरीणबाई रविवारी पिशवी घेऊन तिथं हजर. आता तिथं मुरूम पडलाय. मागची झाडं उरली आहेत, त्यांच्याखाली हे परत लावू, असं गावाशी बोलूनही आली होती. संक्रांतीच्या आधी स्वतःच गेली. फडक्यात बांधलेलं बी कपाटात राहिलं.
मी ते सगळं पेरलं, चिमूटभरसुद्धा मागे ठेवलं नाही. राखून ठेवायचं तरी कुणासाठी.

९ जून
आलं!! हिरवी टोकं, दाट. शेणखतातून भाजीचा माठ आणि घोळ पण उगवलेत जोडीला. ते नंतर काढू, आत्ता ओढले तर गवताची मुळं हलतील.
शै.च्या फोटोला सांगितलं, मोठ्यानं. मग रडू आलं, तेही मोठ्यानं. घरात कुणी नसल्याचा एवढाच फायदा.

१५ जून
देवळ्याहून आई आल्या. शै.ची आई. पिशवीभर कांदे, लसूण, शेंगदाण्याची चटणी. दारातूनच, "बापू, लय वाळले तुम्ही." देवळ्याकडे मी बापूच.
बाईंना रिकामं बसवत नाही. आल्या आल्या माझे डबे घासले. गावात कांद्याचं रोप निंदायला पहिलं बोलावणं यांना. कोवळं रोप आणि गवत दिसायला सारखंच, पण यांचा हात चुकत नाही. शै. सांगायची, आमची आई डोळे मिटून गवत काढते.

१८ जून
दाढ काढायला गावात गेलो होतो. परत आलो तर आई पॉ.हा.च्या दारात. हात मातीचे, चेहरा किती दिवसांनी फुललेला.
"बापू, शैलीच्या ट्रेमंदी केवढं गवत माजलं होतं! समदं निंदून काढलं. माठ बघा कसा मोकळा झाला."
बघितलं. माठ ऐटीत उभा. घोळ पण ठेवलेली. बाकी स्वच्छ माती.
तोंडात कापूस होता म्हणून बरं. कापूस काढून विचारलं, गवत कुठंय?
"शेजारच्या शेळीला घातलं. लय आवडीनं खाल्लं तिनं."

१९ जून
लिहवत नाही.
राग येतोय आणि तो ठेवायला जागा नाही. पोरगी गेलेल्या आईवर ओरडायचं? आणि तिनं केलं काय, तर लेकीची बाग साफ केली.
ओरडलो नाही. त्याचाही राग येतोय.

२१ जून
माठाची भाजी, लसणाची फोडणी, भाकरी. "शैलीनं लावलेला माठ हाय," म्हणत माझ्या ताटात जास्त वाढली. खाल्ली. परत घेतली. चवीला चांगली होती, तेच सहन होईना.

२४ जून
व्हायचं ते झालं. मी अंघोळीला, मुक्ताचा फोन आईंनी उचलला. बाहेर आलो तर फोन हातात तसाच, पलीकडून मुक्ता, "आजी? सांग ना, आईचं गवत किती मोठं झालं?"
"बापू, कोणतं गवत?"
सांगितलं. दुसरा इलाज नव्हता.
"गवत कोणी पेरतं का हो बापू?" दोनदा म्हणाल्या. मग, "तुम्ही बोलले का नाय मला?"
जेवल्या नाहीत. दुपारी बघतो तर पॉ.हा.मध्ये बसून ट्रेमधली माती बोटांनी चाळतायत, एखादं मूळ राहिलंय का म्हणून. यांचा हात मूळ ठेवतो थोडाच. शेजारी जाऊन बसलो. दोघं रडलो. शै. गेल्यापासून एकत्र कधी रडलोच नव्हतो.

२६ जून
आई सकाळी देवळ्याला गेल्या. थांबा म्हटलं, ऐकलं नाही, चहाही घेतला नाही. आता या घरात परत येत नाहीत असं वाटतंय. गवत गेलं, त्यापायी माणूसही.

३० जून
आल्या! पिशवीतून शै.चा मरून स्वेटर काढला. तेराव्यानंतर त्यांनीच मागून नेला होता, मी विसरून गेलो होतो. देवराईत बी आणायला घालून गेली, तोच. दोन्ही बाह्यांना, खालच्या काठाला कुसळं चिकटलेली. बियांसकट.
"धुतला नाय मी. तिचा वास हाय त्याला. चिकटलेलं पण काढलं नाय, तिनंच आणलंय म्हटलं, राहू द्या."
नाकाला लावला. वास आहे अजून, थोडासा. खोबरेल आणि खडू.
म्हटलं, आई, राहू द्या. याला हात नको. माझ्याच्यानं होणार नाही.
"बापू, ती रानात बी आणायला गेली होती. स्वेटर सजवायला नाय."

१ जुलै
आई एकेक बी सोडवतायत, मी ट्रेत टाकतोय. शेणखत नाही यावेळी. जुनं बी, धुळीतलं, पोचट किती कुणास ठाऊक. एका जागी लोकर निघाली तर आई हात थांबवून तशाच बसून राहिल्या.
संध्याकाळी स्वेटर परत हुंगला. आमच्या हातांचा वास येतो आता. बियांसोबत तिचा वासही जाईल अशा तयारीनं नव्हतो बसलो आम्ही.

१२ जुलै
एका ट्रेच्या कोपऱ्यात टोक वर आलंय. एकच.
आईंना हाक मारली. धावत आल्या आणि दारातच थांबल्या, हात पाठीमागे बांधून. "तेच शे का?" घाबरल्या की त्यांच्या तोंडी 'आहे'चं गावाकडचं 'शे' होतं.
मला काय कळतंय. हरळीही असेल, वाऱ्यावर आलेलं दुसरं काहीही. यांना कळेल, यांना बोटानं कळतं.
"आई, आत या, बघा ना."
"नाय. मी नाय बघत. तुम्हीच बघा."
पाणी घातलं. त्या अजून दारातच उभ्या आहेत.