दुसऱ्याच्या जिवाचा नवस

मी, मा ओक-बुन, वय चौऱ्याहत्तर, कै. ह्योन देओक-बे यांची पत्नी, राहणार सोमो बेट, जिल्हा वान्दो, येथील ख्रिस्ती मंडळीची ज्येष्ठ सेविका, हा कागद स्वतःच्या हाताने, कोणाच्याही धाकात न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते काळीज. परवा ग्वांग्जूच्या इस्पितळात ते उघडणार आहेत आणि डॉक्टरांच्या मते वाचण्याची आशा निम्मी. दुपारी दोनची बोट आहे, तोवर हे पुरे झाले पाहिजे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. मला टेकडीवर मालकांच्या शेजारी पुरावे. त्या वेळी वडीलमंडळातील श्री. नाम यांना प्रार्थना करू देऊ नये. त्यांची प्रार्थना संपेपर्यंत मेलेले माणूससुद्धा कंटाळेल.

कलम २. अंगणातले सोयाबीनच्या खाराचे सातही रांजण सून हे-गुम हिला. तिला खार घालता येत नाही असे मी गावभर सांगितले. खरे म्हणजे तिच्या हातचा खार माझ्यापेक्षा सरस आहे. शेजारणीकडे तो मी चोरून खाल्लेला आहे.

कलम ३. लसणाचे शेत त्याच शेजारणीला, ग्वाक मल-सुन हिला. बारा वर्षे कसते तीच. हे शेत मी आधी मंडळीला देऊ केले होते. ते का परत आले, ते पुढे येईल.

कलम ४. राहते घर मुलगा ह्योन ग्यु-सिक यास मिळावे, मात्र त्याने एका वर्षाच्या आत पाळक होण्यासाठी पाळकांच्या विद्यालयात नाव घालावे. तसे न केल्यास घर मंडळीचे.

हे कलम सकाळी लिहिले. ग्यु-सिक आज एकोणपन्नास वर्षांचा आहे आणि बोटींची इंजिने दुरुस्त करतो. अशा माणसाला ही अट! पण त्यामागे सेहेचाळीस वर्षे आहेत.

तो तीन वर्षांचा असताना गोवर पोटात गेला. समुद्र खवळलेला, एकही बोट निघेना. मी गुडघ्यांवर पडून नवस केला, प्रभू, हा वाचला तर तुझा सेवक करीन, पाळक करीन. तो वाचला. त्या दिवसापासून माझ्या लेखी तो माझा मुलगा नव्हता, देवाला बोललेली वस्तू होता. प्रत्येक वाढदिवसाला मी त्याला त्या नवसाची आठवण द्यायची. एकोणिसाव्या वर्षी गेला बिचारा पाळकांच्या विद्यालयात, दोन वर्षांनी परत आला. म्हणाला, "आई, मला बोलावणं आलेलं नाही. तुला आलंय."

मी ऐकते कशाला? पहाटेच्या प्रार्थनेला आमच्याकडे सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात. त्या गलक्यात कोणाचे कोणाला ऐकू येत नाही. माझा आवाज मात्र सगळ्यांच्या वर असतो. रोज मी ओरडून मागायची, "हाण त्याला, प्रभू! मोड त्याला, पण वळव!"

अकरा वर्षांपूर्वी यंत्राच्या पट्ट्यात त्याची दोन बोटे गेली. आणि मी रविवारी उभी राहून साक्ष दिली, "प्रभूने माझं ऐकलं!" मंडळी आमेन म्हणाली. लिहिताना लाज वाटते.

हाताला पट्टी बांधलेला ग्यु-सिक दारात आला.

"आई, हे तू मागितलं होतंस?"

"तुझ्या भल्यासाठीच ना."

"मग मिळालं तुला. आता मला सोड."

माझ्या घराखालच्याच धक्क्यावर तो काम करतो. अकरा वर्षांत ही चढण त्याने चढलेली नाही.

गेल्या आठवड्यात प्रार्थनेनंतर पाळकबाई छा ऊन-सोल माझ्याजवळ बसल्या. "आजी, एक विचारू? ग्यु-सिकला देवाने मागितलं होतं, की तुम्हीच देऊन टाकलं?"

"कालची पोर तू, मला नवस शिकवतेस?"

"शिकवत नाही हो. विचारतेय."

घरी येऊन मी भांडी आपटली. पण प्रश्न काही जाईना. इतकी वर्षे रोज पहाटे मी देवाला काय करायचे ते सांगत आले. त्याला काय सांगायचे आहे, हे एकदाही विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून तोंड मिटून बसले. जीव नुसता कासावीस. चौथ्या पहाटे कळले. आवाज नाही, उजेड नाही, पण शंकेला जागाही नाही. ग्यु-सिककडे जा आणि माफी माग.

मी म्हटले, ते सोडून काहीही सांग. तेव्हाच लसणाचे शेत पुढे केले. सगळे ऐकून पाळकबाईंनी कागद परत दिला. "शेत नको, आजी. शेत देऊन तुम्ही धक्क्यावर जाणं चुकवताय."

इतके समजूनही आज सकाळी मी कलम चार लिहिलेच! साडेबारा वाजले आहेत. अर्धा तास पेन त्या कलमावर धरून बसले आहे, हात पुढे सरकत नाही. मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेले, तर ही अट माझ्या मुलाला परकी माणसे वाचून दाखवतील. मेल्यावरही मी त्याच्या मानगुटीवर बसेन. आणि ते देवाच्या नावाने.

कलम ५. कलम चार रद्द. त्यावर रेघ मारून शिक्का उमटवला आहे. घर ग्यु-सिक व हे-गुम यांचे, विनाअट. पुढे त्यांनी त्यात इंजिने ठेवली तरी कोणी बोलू नये.

कलम ६. तो नवस चुकीचा होता. जीव त्याचा, आणि देऊन मोकळी झाले मी. त्याचा जाब देवाने मला विचारावा. येत्या रविवारी पाळकबाईंनी मंडळीसमोर वाचावे की बोटे गेली ती पट्टा जुना होता म्हणून. ते देवाचे उत्तर नव्हते. देवाचे नाव घेऊन मी खोटे बोलले.

कलम ७. हे धक्क्यावरच्या तिकीटघरात लिहीत आहे. दोन्ही साक्षीदार शेजारी आहेत. माफी कागदात ठेवून बोटीत चढणे ही पळवाट झाली असती, म्हणून आधी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"ग्यु-सिक, मी तुझं वाईट मागितलं. देवाला पुढे करून मागितलं. चुकलं माझं, बाळा."

तो फडक्याने हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला. मग म्हणाला, "आई, माफ केलं असं आज माझ्या तोंडून निघत नाही."

"बरं."

"बोटीत बस. वारा वाढतोय."

आणि तो इंजिनाकडे गेला. परवा ग्वांग्जूला येणार की नाही, बोलला नाही. सवयीने माझ्या ओठांवर आलेच होते, प्रभू, त्याला पाठव. ते मी गिळले. त्याने यावे की नाही, ते त्याने ठरवावे. मी टेबलावरून उठावे की नाही, तेही मी देवाला सांगणार नाही. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, एवढेच म्हटले, आणि सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच पुढे काही जोडले नाही.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, आणि मला मान्य आहे.

मा ओक-बुन (सही व शिक्का)

साक्षीदार:
१. छा ऊन-सोल, पाळक, सोमो मंडळी (सही)
२. ग्वाक मल-सुन, शेजारीण (सही व शिक्का)

स्थळ: सोमो बेट, बोटीचा धक्का
दिनांक: ६ नोव्हेंबर २०१८, दुपारी एक वाजून पन्नास मिनिटे