आतून कडी, आत कुणी नाही

ती. सौ. वहिनींस धाकट्या दिराचा वाकून नमस्कार (ईमेल असली म्हणून काय झालं). माहेरी आराम मिळतोय ना? गुडघा काय म्हणतो? इकडे दादाची तब्येत ठणठणीत, आवाज त्याहून ठणठणीत.

तुम्हाला ठाऊकच आहे, लिफ्टदुरुस्ती सोडल्यापासून मी आपला आपण शिकून कर्नलचा नाद लावून घेतलाय. (कर्नल म्हणजे संगणकाचा घरकारभारी, कुठली वस्तू कुणी कधी वापरायची, हे तो बघतो.) जगभरातली माणसं त्यात बदल सुचवतात आणि माझ्यासारखे रिकामटेकडे ते ओळ न् ओळ वाचून सगळ्यांना दिसेल असं मत लिहितात. परवा एका अनोळखी नावाने बदल आला. काम सुबक, पण एका जागी मी अडखळलो. एक वस्तू वापरण्याआधी कडी लावलेली, म्हणजे बाकीच्यांनी थांबायचं. काम झालं की कडी काढलेली. पण काम फसलं, तर हा गडी कडी तशीच ठेवून दुसऱ्या वाटेने पसार! मग बाकीचे ताटकळत उभे, आत कुणी नाही, आणि अख्खा संगणक ठप्प.

वहिनी, मला एकदम तुमची बाथरूम दिसली. एक दार हॉलमध्ये, एक तुमच्या धाकट्या लेकीच्या खोलीत. धाकटी हॉलच्या दाराला आतून कडी लावते आणि आपल्या दाराने निघून जाते, मग दादा खांद्यावर टॉवेल टाकून रिकाम्या बाथरूमला विचारत बसतो, "अगं, अजून किती वेळ?" (ही सवय आमच्या घराण्यातली नव्हे. तिथे आहातच, तर माहेरी जरा चौकशी करा.)

मी जगासमोर लिहून टाकलं, "हे लिहिणाऱ्याच्या घरी बाथरूमला दोन दारं आहेत काय?" जगाला काही कळलं नाही. धाकटीचा मात्र लगेच फोन. "काका, चारचौघांत बाथरूम काढायची काय गरज होती?" काकाने पुतणीला सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून पोरीने टोपणनाव घेतलं होतं! आणि मी तिचं पहिलंवहिलं काम हसण्यावारी नेलं. आता म्हणते, पुन्हा पाठवणारच नाही. तिच्या हाताला खरंच गुण आहे हो. मला चैन पडेना.

आज सकाळी समजूत काढायला गेलो. दादा फिरायला गेलेला, धाकटी खोलीचं दार उघडेना. मग हॉलमधून बाथरूममध्ये शिरलो आणि तिकडचं दार वाजवलं. उघडलं, पण हसली नाही. म्हटलं, "माझी जीभ चुकली, तुझी कडी चुकली, फिटंफाट." "बघते," एवढंच म्हणाली, मला आपल्या खोलीतून बाहेर काढलं, कुलूप घातलं आणि कामावर गेली. तिच्या मागोमाग मीही निघालो. तुमचं ती ऐकते. एक फोन करा, एवढीच विनंती.

तुमचा,
लुडबुड्या दीर

ता. क. : आत्ताच दादाचा फोन आला. टॉवेल खांद्यावर, बाथरूमला आतून कडी, आत कुणी नाही. सकाळी शिरताना ती मी लावली होती. धाकटीच्या खोलीची दुसरी किल्ली तुमच्या जुडग्यात आहे, ती कुणाबरोबर तरी ताबडतोब पाठवा. (माहेरची चौकशी राहू द्या.)

ता. क. दुसरा : किल्ली नको. दादाने धाकटीला सगळं सांगितलं, ती हसत हसत घरी निघालीय. निघण्याआधी दुरुस्त केलेला बदल पाठवला. आता फसलेल्या वाटेवरही कडी निघते. मी तो मुकाट्याने पास केला. खाली तिने सगळ्या जगासाठी लिहिलंय, "ही चूक काकांनी पकडली. घरचीच असल्यामुळे त्यांनी ती लांबूनच ओळखली." आणि त्याखाली, या वेळी, स्वतःचं खरं नाव.