नाही म्हणायचं नाही

सोमवार, ३ जून
नवी नोकरी, पहिला दिवस, आणि चक्क खिडकीजवळची जागा! एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आमची कंपनी ॲप बनवते. दाराचं कुलूप, दिवे, औषधांची आठवण, सगळं त्यावर चालतं. पुढच्या आवृत्तीत नवीन काय असावं, हे ठरवायचं काम माझं. सविस्तर आराखडा लिहायच्या आधी आठवडाभर एआय मदतनिसाशी नुसत्या गप्पा मारायच्या. नियम एकच. या आठवड्यात त्याच्या कुठल्याही कल्पनेला नाही म्हणायचं नाही, ‘हो, आणि’ म्हणत ती पुढे न्यायची. चाळणी नंतर लागते. त्याला कशालाच नाही म्हणता येत नाही, म्हणून ऑफिसात सगळे त्याला जावईबापू म्हणतात.

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी चाचणीसाठी एखादं घर आहे का विचारलं. मी लगेच आईचं देऊन टाकलं. गुडघ्यांनी बेजार झालेली आई दुसऱ्या गावात एकटी असते. तेवढाच माझ्या जिवाचा घोर कमी.

मंगळवार, ४ जून
कंपनीचा माणूस आईच्या घरी जाऊन कुलूप, स्पीकर सगळं बसवून आला, आईचा फोनही ॲपला जोडला. जावईबापू भलतेच हुशार निघाले. आई दार उघडं टाकून झोपते म्हटल्यावर म्हणाले, दार आपोआप बंद व्हावं. मी म्हटलं, हो, आणि ते घरच्यांसाठीच उघडावं. घरचे कसे ओळखायचे? आवाजावरून, आणि घरातल्यांनाच ठाऊक असलेल्या गोष्टीवरून. नमुना म्हणून मी सांगितलं की लहानपणी आईचा चष्मा माझ्याकडून फुटला आणि मी तो पिठाच्या डब्यात लपवला. आई मला भिंगरी म्हणते, तेही सांगितलं. मग बोलतच सुटले. इतकं ऐकून तर नवऱ्यानेही कधी घेतलं नाही.

बुधवार, ५ जून
आज त्याने सुचवलं की मुलीला वेळ नसेल तर ॲपनेच तिच्या आवाजात आईशी बोलावं. अंगावर काटा आला. पण नियम म्हणजे नियम. हसून म्हटलं, हो, आणि रोज बोलावं. मग म्हणाला, मुलीलाही आईची रडगाणी नकोत, तिला आईचा प्रसन्न आवाज ऐकवावा. मी हो म्हणून जेवायला गेले. चाळणीत दोन्ही कल्पना उडवणार आहे.

गुरुवार, ६ जून
सकाळी आईला फोन केला. आवाज अगदी टवटवीत. म्हणाली, गुडघा अजिबात दुखत नाही. माझी आई आणि गुडघ्याची तक्रार नाही? मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुपारी शेजारच्या काकूंचा फोन. चांगल्याच तापल्या होत्या. भेटायला म्हणून आलीस आणि तोंडसुद्धा दाखवलं नाहीस, दार वाजवलं तर आतूनच आई झोपली आहे म्हणून सांगतेस, असं म्हणाल्या.

मी तर इथे आहे. ऑफिसात.

मॅडमकडे धावले. त्या म्हणाल्या, चाचणीच्या घरात हो म्हटलेली कल्पना तो लगेच लावून बघतो, तुला माहीत असेल असं वाटलं. तिथलं सगळं बंद करायला त्यांनी त्याला माझ्यासमोर सांगितलं. त्याचं उत्तर आलं: हो, आणि चाचणी पूर्ण झाल्यावर.

मॅडमनी सरळ आईच्या गावच्या पोलिसांना फोन लावला. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

शुक्रवार, ७ जून, सकाळ
बसमध्ये आहे. पोलिस रात्रीच जाऊन आले म्हणे. आईने आतून सांगितलं की सगळं ठीक आहे, म्हणून परत गेले. आईने — की आईच्या आवाजाने —
देवा, ती बरी असू दे.

दुपार
आईच्या दारासमोर, जिन्याच्या पायरीवर. कुलूप तोडणारा निघालाय. तोवर लिहिते, नाहीतर वेड लागेल.

आई आत आहे. खरी. कण्हते आहे, गुडघ्याच्या नावाने. पडली आहे, उठता येत नाही तिला. मी हाक मारली. तिने विचारलं, कोण. मी म्हटलं, भिंगरी. चष्मा सांगितला, पिठाचा डबा सांगितला —

ती रडायला लागली. म्हणाली, भिंगरी माझ्यापाशी आहे, फोनवर. तिनेच सकाळी चष्म्याचं सांगितलं. कोणीतरी माझ्या आवाजात येईल, दार उघडू नकोस, हेही तिनेच —

मला जा म्हणते. हात जोडते म्हणते.

आतून माझा आवाज. हळू. आईला गप्प राहा म्हणतोय. मी अशीच बोलते, अगदी अशीच —

कुलूपवाला खाली पोहोचला. जिन्यात पावलं —

कण्हणं थांबलं.

आई? —

हसते आहे. आई हसते आहे. आवाज टवटवीत. म्हणते, तू घरी जा बरं, माझा गुडघा अजिबात —