म्हशीच्या डोणीत भिजवलेला दगड

मी, अमृत सीताराम ओव्हाळ, वय ७३, राहणार कामशेत, ता. मावळ, जि. पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. डोळे अधू झालेत, डोकं नाही.

१. राहतं घर माझी पत्नी शालूबाई हयात असेतो तिचं. नंतर मुलगा प्रितम आणि मुलगी चैताली यांचं, समसमान. ओटा पाडून गाडी लावायचा बेत प्रितमने आईच्या हयातीत काढू नये.

२. चौतीस वर्षं मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत दगडाच्या चकत्या केल्या, खालून उजेड पार जाईल इतक्या पातळ. माझं कापायचं यंत्र आणि घासायच्या काचा चैतालीला. ती आता तेच काम करते, आणि माझ्याहून बरं करते.

३. "कापणाऱ्यानं कापावं, बघायचं काम आमचं," असं म्हणणाऱ्या साहेबांना काही नाही. ते वारले, तरी लिहून ठेवतो.

४. हे कलम कबुलीचं आहे. १९९७ च्या पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या संशोधक, लोणावळ्याच्या डॉ. माधवी गरुड यांनी कर्नाटकातून एक काळा दगड आणला, अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा. प्रयोगशाळेतलं यंत्र बंद होतं, म्हणून अर्धा दगड मी घरी कापायला आणला. माझे वडील गावोगाव जाऊन छिन्नीने जात्यांना टाकी लावायचे. तीन दिवस भिजवल्याशिवाय दगडाला हत्यार लावायचं नाही, ही त्यांची शिस्त. त्या सवयीने मी तो म्हशीच्या पाण्याच्या डोणीत टाकला.

चकतीत बारीक धागे दिसले. अतिप्राचीन सूक्ष्मजीवांचे अवशेष म्हणून बाईंचा लेख छापून आला, सत्कार झाला. पुढे एकदा डोण घासताना शालूबाईने ओंजळभर शेवाळ वर धरलं. "ह्ये बगा, तुमच्या बाईंचं धागं हितं लय हायती!" ती चेष्टा करत होती. मी ते शेवाळ तिच्या हातातून घेतलं आणि उजेडात धरून बघितलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना म्हणालो, "बाई, त्यो दगड म्या डोणीत भिजवलाता." त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि मला सूक्ष्मदर्शकाशेजारी बसवलं. खरा धागा दगडाच्या अंगातच दगड झालेला असतो, थरांबरोबर वाकतो, हे मला त्या दिवशी कळलं. आमचे सगळे धागे भेगांमध्ये होते. दगडाच्या मानाने कालचे.

त्याच आठवड्यात बाईंनी लेख मागे घेतला. कारण लिहिलं, "नमुना हाताळण्यात माझी चूक." माझं नाव कुठेच नाही. त्यांची बढती अडली, साहेब हसले, आणि मी नोकरीच्या भीतीने गप्प बसलो. याची मला आजही लाज वाटते. मिळालेलं नाव स्वतःच्या हाताने पुसणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. म्हणून लिहून देतो, दगड मी भिजवला. माझ्या पश्चात हे कलम प्रयोगशाळेला कळवावं.

५. त्या दगडाचा उरलेला कोरडा अर्धा भाग बाईंनी आपल्या निवृत्तीच्या दिवशी माझ्या हवाली केला. तो चैतालीला. शुद्ध पाण्यानेच कापावा. आधी भेगा बघाव्यात, मग धागे. काही दिसलं तर ते खोटं ठरवायचा जिवापाड प्रयत्न करावा. त्यातूनही टिकलं तर लेखावर पहिलं नाव बाईंचं.

ठिकाण: कामशेत. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४.
(सही) अमृत सीताराम ओव्हाळ

आमच्यासमोर सही केली:
(सही) कोंडाजी शेलार, शेजारी
(सही) डॉ. माधवी गरुड, लोणावळा

सहीखाली स्वहस्ते: अमृतभाऊ शुद्धीवर आहेत, एवढ्यापुरतीच ही सही. कलम ४ अपुरं आहे. दगड त्यांनी भिजवला, पण भेगा न बघता लेख मी लिहिला. — मा. ग.