सायकलच्या पुस्तकाचं बारावं पान

प्रताप नगर, नागपूर
७ जानेवारी २०२४

प्रिय इंदू,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आपल्या सायकलच्या पुस्तकाची तुझी अकरा चित्रं पोचली. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि कामाचं राहून जातं, म्हणून पत्रच बरं.

चित्रं बघून मी एकटीच खुळ्यासारखी हसत बसले. इंदोऱ्यातली आपली गल्ली, धोंडबांकडची तासावर मिळणारी मर्दानी सायकल, दांड्याखालून पाय घालून कैची मारताना वाकडी झालेली तू आणि कॅरिअर धरून मागे धावणारी मी. मजकुरात मी 'आपण सात वेळा पडलो' असं लिहिलं होतं. तू गुडघ्यांवर इतकं खरचटलेलं काढलंस की आकडा बदलावा लागला! काय दिवस होते वं ते.

आता बारावं पान तेवढं राहिलं. सोपं आहे. दोघी एकाच सायकलवरून हायस्कूलच्या फाटकातून आत जातात. खाली ओळ, 'मैत्रीण सोबत असली की पोचता येतं.' आमची सून मेघा चौदा एप्रिलला आपलं पुस्तक तिच्या वाचनालयातल्या मुलांच्या हाती देणार आहे. उशीर केलास तर पवनीला येऊन तुझ्या मानगुटीवर बसेन.

भाऊजींना जयभीम, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो कागदावर उतरव.

तुझी,
सत्यवती

पवनी, जि. भंडारा
२९ जानेवारी

प्रिय सत्ते,
जयभीम. पत्रास कारण की, बारावं पान होत नाही.

सहा कागद फाडले. माझ्या प्रशिकने विचारलं, आई, काहून कागदावर रागावून राहिली. डोळे दुखतात म्हणून सांगितलं. ते खोटं होतं.

त्या फाटकातून मी कधी गेलेच नाही. सातवीनंतर बाबा वारले, आई कामाला जाऊ लागली, धाकटा भाऊ माझ्या कडेवर आला. शाळा सुटल्याचं दुःख मी कधीच मनातून काढून टाकलं. पण तुला तुझ्या बाबांनी सायकल घेऊन दिली, तेव्हा पहिले चार दिवस तू आमच्या दारासमोर घंटी वाजवलीस. मी हातचं टाकून बाहेर यायची. पाचव्या दिवशी तू वाजवली नाहीस. मग मागच्या गल्लीने जायला लागलीस. मी तुझं काय बिघडवलं होतं वं?

पन्नास वर्षं विचारलं नाही. चित्राला बसलं की तेच आठवतं. मेघाला सांगून हे पान दुसऱ्या कोणाकडून काढून घे.

घरच्यांना जयभीम.

इंदू

प्रताप नगर
५ फेब्रुवारी

प्रिय इंदू,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून तुझी अकराही चित्रं पुन्हा काढून बघितली.

तू काहीच बिघडवलं नव्हतंस. चौथ्या दिवशी तू आलीस, कडेवर भाऊ, हाताला कणीक, आणि माझ्या दप्तराकडे बघत राहिलीस. मी घरी सांगितलं तर माझी आई म्हणाली, तिच्या जिवाला लागते, नको वाजवू. मी ते लगेच ऐकलं. पण खरं सांगू? मलाच तुझ्याकडे बघवत नव्हतं, आणि शाळेत तर जायचं होतं. मागची गल्ली मला सोयीची होती.

पस्तीस वर्षं शाळेत मुलांना गोष्टी सांगितल्या, शेवट गोड करायची खोड लागली. तुला न विचारता तुझ्या आयुष्याचाही केला. ती ओळ मी खोडली आहे. दुसऱ्या कोणाचं चित्र लागणार नाही. पान कोरं राहिलं तर कोरंच छापू. चुकले गं मी. मला माफ कर.

तुझीच,
सत्यवती

पवनी
२ मार्च

प्रिय सत्ते,
सप्रेम जयभीम. इकडे सर्व ठीक.

सोबत बारावं पान पाठवते. दारात एक मुलगी उभी आहे, कडेवर भाऊ. दुसरीने सायकल स्टँडवर लावली आहे आणि ती अंगणात आली आहे. असं झालं नव्हतं, पण माझ्या हाताने हेच काढलं. एकही कागद फाडला नाही.

खाली जागा ठेवली आहे. शहाणपणाची ओळ नको. अंगणात आली असतीस तर मला काय म्हणाली असतीस, तेवढं लिही.

मेघाला आशीर्वाद. उत्तराची वाट बघते. घाई करू नको, मला सवय आहे.

तुझी,
इंदू