धुतल्यानंतरचं माप

मास्टरजी,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि तुमची ती उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी मला कधी जमली नाही, त्यामुळे हे लिहिताना एक सोय आहे, तुम्ही चुका काढणार नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. उल्हासनगरातल्या तुमच्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला आले तेव्हा मी एकोणीसची होते. आज त्याच गल्लीत, तुमच्यापासून चार दारं सोडून, माझा नऊ मशीनचा कारखाना आहे. कटिंग अजून मीच करते. आज रविवार. गुरुवारी मला एक विचारणा झाली, आणि उद्या सकाळी तिचं उत्तर द्यायचंय.

ज्यांचं काम मी गेली तीन वर्षं करते त्या एक्स्पोर्टवाल्या शेठनी अंबरनाथला, मोरिवलीजवळ मोठा गाळा घेतलाय. चाळीस मशीन, दोन शिफ्ट. "मॅडम, तुमचं ते नऊ मशीनचं बंद करा नि इकडे या, भागीदार म्हणून. कब तक गल्ली में बैठोगे?" असं ते म्हणाले. त्यांच्या ऑफिसातल्या सल्लागार बाईंनी वर एक फॉर्मही दिला. त्यात दोन चौकोन आहेत, एक वैयक्तिक ध्येय, एक व्यावसायिक ध्येय. "पाच वर्षांनी कुठे पोचायचंय ते लिहा. क्लॅरिटी असली की निर्णय सोपा होतो," बाई गोड बोलतात. क्लॅरिटी असती तर फॉर्म कशाला लागला असता, हे मी तोंडावर बोलले नाही. मोठं व्हायचं, असं लिहिलं आणि खोडलं. घरी वेळ द्यायचा, असं लिहिलं, तेही खोडलं, कारण ही दोन वाक्यं शेजारी बसायला तयार नव्हती. एक ना धड, भाराभर चिंध्या, आणि माझ्या धंद्यात चिंध्यांना तोटा नाही.

परवा रात्री बदलापूरला घरी पोळ्या लाटताना नवरा म्हणाला, "हो म्हण, मी आहे. नाही म्हण, तरी आहे. पण तुला काय पाहिजे ते एकदा सांग ना. असल्या आठ्या घालून लाटतेस आणि पोळ्या जाड होतात." मी म्हटलं, मलाच माहीत नाही तर तुला काय सांगू. तो हसला. मला मात्र रडू आलं, आणि त्याने ते बघितलं म्हणून रागही आला.

त्याच ओट्याखाली तुमचं पातेलं आहे. निळं पडलेलं. कापडाचं नवीन थान आलं की तुम्ही त्याचा वीतभर चौकोन कापून घरी न्यायचात आणि स्वयंपाकघरात, काकींच्या शेगडीवर, उकळत्या पाण्यात टाकायचात. काकी ओरडायच्या, "दाल इसमें पकाऊँ या पतलून?" शेवटी त्यांनी ते एक पातेलं तुम्हाला देऊनच टाकलं. तुकडा वाळला की तुम्ही मापायचात, किती आटला ते बघायचात, आणि कटिंगचा फरमा तेवढा वाढवायचात. एकाच गिरणीची, एकाच दिवशी आलेली दोन थानंसुद्धा सारखी आटत नाहीत. "बेटा, नाप कोरे कपड़े का मत ले. धुलने के बाद जो बचे, वो नाप." हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की मी तुमची नक्कल करून दाखवायचे आणि सगळा कारखाना हसायचा.

आणि मग ते दोनशे पीस. मी चोवीसची आहे, तुम्ही लग्नाला गावी गेला आहात, कात्री पहिल्यांदा माझ्या हातात दिली आहे. चार दिवसांनी माल धुऊन आला. तुम्ही वरची एक पॅन्ट उचलली, कमरेला टेप लावली. बत्तीसची तीस झाली होती. दुसरी, तिसरी, सगळ्या तीस. तुम्ही आवाज चढवला नाही. फक्त विचारलंत, "टुकड़ा धोया था?" मी म्हटलं, धुतला होता. तुम्ही व्यापाऱ्याला फोन करून सांगितलंत, "गलती मेरी है." दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ते निळं पातेलं ठेवलेलं होतं. "ये अब तू रख," एवढंच म्हणालात. तुम्हाला कळलं होतं की नाही, हे मी तुमच्या शेवटच्या आजारपणातही विचारू शकले नाही.

तर मी काल काय केलं सांगते. शेठना म्हटलं, उत्तराआधी एक दिवस गाळ्यात बसून बघते. त्यांना गंमत वाटली. सकाळी नऊ ते सहा बसले, काचेच्या केबिनमध्ये, एसीत. कटिंगला कॉम्प्युटरचं मशीन आहे, सुरेख कापतं, खोटं कशाला बोलू. तिथले सुपरवायझर म्हणाले, "तुम्हाला कपड्याला हात लावायची गरजच नाही, मॅडम. तुम्ही फक्त सांगायचं." उंटावरून शेळ्या हाकायच्या. दुपारपर्यंत मला ऐट वाटली. चारच्या सुमारास बघते तर मी नखाने टेबलाच्या काचेवर पॅन्टचा पुढचा भाग आखतेय. सहा वाजता स्कूटीवर बसले तेव्हा त्या चाळीस मशीनचं माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं, एक गोष्ट सोडून. मला वाटत होतं, हे मास्टरजींनी बघायला पाहिजे होतं.

त्या दिवशी मी तुकडा धुतला नव्हता, मास्टरजी. विसरले नव्हते. तुकडा वाळायला रात्र गेली असती, आणि तुम्ही सकाळी परत येणार होतात. तुम्ही दारात याल तेव्हा दोनशे पीस कापून रचलेले असावेत आणि तुम्ही म्हणावं, आता तू मास्टर झालीस, एवढंच मला पाहिजे होतं. ते दोनशे पीस मी तुम्हाला दाखवायला कापले होते. आणि बावीस वर्षांनी मी चाळीस मशीन लावायला निघाले आहे तीही तुम्हाला दाखवायला, तुम्ही नसताना. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, भीतीच वाटली. तुम्हाला दाखवायचं सोडून दिलं तर मला स्वतःला काय पाहिजे, ते मोजायची सवयच नाही मला. उद्या नाही म्हटलं तर शेठ पुन्हा विचारतील का, काम तरी देतील का, तेही माहीत नाही.

आज दुपारी फॉर्म भरला. दोन चौकोनांच्या मधली रेघ खोडली आणि आरपार एकच ओळ लिहिली: नऊ मशीन, कटिंग मी करणार. नवऱ्याने वाचून मान हलवली आणि चहा टाकला. त्याला वाटतंय झालं एकदाचं.

ओळ पेन्सिलने लिहिली आहे, मास्टरजी. पेन शेजारीच होतं.