रिकामी बाज

३ फेब्रुवारी २०२५

शाळेतल्या निबंधांपलीकडे मी काही लिहिलेले नाही, आणि दिवस नोंदवून ठेवावेत एवढी मी कुणी मोठीही नाही. तरी हे धाडस करते आहे. कुणाच्या वाचनात आलेच तर आगाऊपणाची क्षमा असावी. आनंद झाला आहे, आणि तो सांगायला जवळ माणूस नाही.

आज धाराशिवला रुजू झाले. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात साहाय्यक. काम सकाळचे, दुपार मोकळी. खोली मिळाली ‘आरोग्यभुवन’ या इमारतीत. नाव ऐकताच रिक्षावाला हसला, “हवामहालात व्हय!” म्हणाला. निजामाच्या काळात विलायतेहून परतलेल्या एका डॉक्टराने ती बांधून घेतली. क्षयावर औषध नव्हते तेव्हा ऊन आणि वारा हेच औषध, ही त्याची श्रद्धा. तीन मजले, पांढराशुभ्र रंग, सपाट गच्ची, नक्षी कुठेही नाही. प्रत्येक घराला समोरासमोर खिडक्या, दक्षिणेला लांबलचक सज्जा. धूळ साचू नये म्हणून भिंतींचे कोपरेसुद्धा गोल केलेले. अंधाराने दडून बसावे अशी जागाच नाही.

अर्पिताला, माझ्या धाकट्या बहिणीला, तेरला फोन केला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास इथे येऊन कर, असा आग्रह धरला.

५ फेब्रुवारी

इथली एक रीत मोठी लोभस वाटली. भर दुपारी प्रत्येक घराच्या सज्जात बाज टाकतात. वर इस्त्रीची पांढरी चादर, उशाशी झाकलेला दुधाचा पेला. मात्र त्यावर निजलेले कुणी दिसत नाही.

आज ग्रंथालयातून परतले तर माझ्याही सज्जात तशीच बाज. शेजारच्या द्वारकाबाईंनी टाकली असणार. नव्या भाडेकरूचे केवढे हे अगत्य! विचारायला जाणार होते, पण दारापर्यंत जाऊन संकोचाने परतले. दूध प्यायले, पुस्तक घेऊन आडवी झाले. उबदार ऊन होते. डोळा लागला.

६ फेब्रुवारी

काल मला जाग आली ती द्वारकाबाईंच्या ओरडण्याने. “अगं माझे बाई, बाजंवर कशाला पडलीस? इचारायचं तरी!” त्यांनी पेला उलटा करून पाहिला आणि मला हाताला धरून बाजेवरून उठवले.

मग सांगितले ते असे. तो डॉक्टर मेला, पण दुपारची त्याची फेरी चुकलेली नाही. रिकामी बाज आणि भरलेला पेला त्याला दाखवायचा, म्हणजे इथे आजारी कुणी नाही हे त्याला कळते आणि तो पुढे जातो. पहिल्या दिवशी मला सांगायचे त्यांच्या मनात होते. पण एवढी शिकलेली पोरगी हसेल, असे वाटले.

मी हसले नाही. पण विश्वासही ठेवला नाही.

८ फेब्रुवारी

काल दुपारी सज्जात कडक तळव्यांच्या बुटांचा आवाज. बाहेर लख्ख ऊन, माणूस नाही. आवाज माझ्यापाशी थांबला. पाठीवर, खांद्याच्या खाली, काहीतरी थंड आणि वाटोळे टेकले. मी दीर्घ श्वास घेतला. कुणी सांगितले नव्हते, तरी घेतला.

तेव्हापासून खोकला आहे. गावातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. त्यात काहीच नाही. मी खिडक्या लावते, वळून पाहते तो त्या सताड उघड्या.

आज इतरांच्या सज्जांत बाजा नव्हत्या. वरच्या मजल्यावरचे ईरण्णा जिन्यात म्हणाले, “डॉक्टरला पेशंट घावला. आमाला सुट्टी.” म्हणाले विनोदाने, पण माझ्याकडे न पाहता, नाकाला उपरणे लावून.

१० फेब्रुवारी

तेरच्या बसमध्ये बसले. वाटेत आरोग्यभुवनचे फाटक मागे पडताच श्वास अडला. आत जाईना, बाहेर येईना. कंडक्टरने उतरवून रिक्षात घातले. डोळे उघडले तेव्हा मी बाजेवर होते. इथे श्वास येतो. फक्त इथेच —

उंबऱ्याबाहेर दुधाचा पेला. ठेवणारे कुणी थांबत नाही.

अर्पिताला इतक्यात येऊ नकोस म्हणून कळवले. तिला वाटले, मी रुसले.

१२ फेब्रुवारी

माझ्या बाजेशेजारी दुसरी बाज आहे. स्वच्छ चादर. पेला.

धीर करून, जन्मात पहिल्यांदा, मोठ्याने विचारले — कुणी टाकली? द्वारकाबाई लांबूनच म्हणाल्या, “तूच की गं. सकाळी चादर झटकत होतीस. गुणगुणत होतीस.”

मला आठवत नाही.

अर्पिताचा निरोप. माझा रुसवा काढायला निघाली आहे, स्थानकावर उतरलीसुद्धा. फोन लावते — खोकल्यापुढे शब्द —

बूट वाजतात. आज ते दोन बाजांमध्ये थांबले. वाट पाहत आहेत.

फाटकाशी तिची ओढणी दिसते. फोनवर लिहिले ते सगळे तिला पाठवते.

अर्पू, मागे फिर. वर आलीसच तर बाजेवर टेकू नकोस. ती रिकामी राहिली तर तो पुढे जातो. दूध पिऊ नकोस. मी हसून म्हणेन, दमलीस, जरा पड. ऐकू नकोस. मी कितीही आग्रह केला तरी तू —

पाठवले : १२ फेब्रुवारी २०२५, दुपारी १२ वाजून ७ मिनिटे